घरची कृती घरातूनच येऊ द्या

प्रति,
राज्यातल्या अंगणवाड्यांचं महिन्याचं नियोजन आणि पालकांसाठीच्या कृती ठरवणारे सर्व : एकात्मिक बालविकास सेवा योजनेचे आयुक्त, जिल्हा कार्यक्रम अधिकारी, बालविकास प्रकल्प अधिकारी आणि मुख्यसेविका

विषय : तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या भाषेसाठी घरी पाठवायच्या हंगामी कृतींबाबत

सप्रेम नमस्कार.

2023 साली पोळा 14 सप्टेंबरला आला, 2024 मध्ये 2 सप्टेंबरला, 2025 मध्ये 22 ऑगस्टला. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, म्हणजे पोळा पुन्हा सप्टेंबरात. इंग्रजी महिन्यांवर बांधलेल्या नियोजनात मात्र बैलाचं चित्र रंगवायचा आठवडा दरवर्षी ठरलेला असतो. मग कधी गोठ्यात शिंगं रंगवून झाल्यावर तीन आठवड्यांनी पालकांच्या मोबाइलवर बैल येतो, तर कधी कोणाच्या डोक्यात पोळा नसताना येतो. सोलापूर-कोल्हापूरकडच्या ज्या गावांत पोळ्याऐवजी बेंदूर करतात, तिथे तर सण होऊन बरेच दिवस लोटलेले असतात.

तारखेचा हा घोळ वरवरचा वाटेल, पण त्यामागची समजूत आम्हाला जास्त खटकते. घरी करायची कृती म्हणजे बाहेरून पाठवायची वस्तू, अशी ती समजूत आहे : चित्र, रंग, चिकटवकाम, शेवटी फोटो. खरं तर तीन ते सहा वर्षांच्या मुलाच्या भाषेला लागणारं साहित्य घरात हंगामाप्रमाणे आपोआप येत असतं. वाळवणं येतात, पेरणी येते, गौरी येतात, हुरडा येतो. घर त्या कामात आधीच गुंतलेलं असतं. मुलाला त्या कामात जागा द्यायची आणि काम चालू असताना त्याच्याशी बोलायचं, एवढंच पालकांकडून हवं आहे. पालकांना कृती सांगणाऱ्या तुमच्या कागदाने तेवढंच सांगावं, ही आमची मागणी आहे.

यासाठी नवं धोरण लागत नाही. 2020 च्या शैक्षणिक धोरणात घरची भाषा आहे, 2022 च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात खेळ आणि गप्पा आहेत, 2024 च्या ‘आधारशिला’ या तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठीच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमातही आहेत. त्याच्या कितीतरी आधी, 1945 मध्ये आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा महागड्या साधनांऐवजी पानं, बिया, दगड, शिंपले घेतले होते. अडचण अंमलात येते, आणि तीही अगदी शेवटच्या टप्प्यावर : पालकाच्या हातात पडणाऱ्या त्या एका पानावर.

आधी फोटोबद्दल. कृतीचा पुरावा म्हणून फोटो मागितला की घरात काय होतं, ते कोणतीही सेविका सांगेल. किल्ला बाबा करतात, राखी ताई करते, मूल शेवटी शेजारी उभं केलं जातं. वस्तू नीट दिसायला हवी म्हणून मुलाचा हात लागू दिला जात नाही, आणि हात लागला नाही की तोंडही उघडत नाही. भाषेची कृती फोटोत दिसतच नाही, कारण ती आवाजात असते. ‘पोषण ट्रॅकर’ या मोबाइल ॲपच्या नोंदी भरून थकलेल्या सेविकेला चाळीस फोटो वर पाठवायला लावून हाती काही लागत नाही. पुरावा हवाच असेल तर दुसऱ्या दिवशी अंगणवाडीत तीन मुलांना विचारा, ‘काल घरी काय केलंत?’ त्यातल्या एकाचं वाक्य, त्याच्याच बोलीत, सेविकेने वहीत लिहावं. दीड-दोन महिन्यांत प्रत्येक मुलाचं एकदा होतं. सहा महिन्यांनी तीच पानं चाळली की मूल दोन शब्दांवरून सहा शब्दांवर आलं का, ‘आणि’ सोडून ‘म्हणून’ वापरायला लागलं का, हे दिसतं.

आता कृतीच्या आत काय असतं, ते एका उदाहरणाने सांगतो. कुरडया घ्या. चैत्र-वैशाखात बऱ्याच घरांत होतात, शहरात आजी असेल तर तिथेही होतात. किलोभर गहू तीन दिवस भिजतो, रोज पाणी बदलायचं. चौथ्या दिवशी वाटून-गाळून चीक काढायचा, रात्रभर निवळू द्यायचा, पाचव्या दिवशी सकाळी वरचं पाणी ओतून तो शिजवायचा आणि गरम असतानाच सोऱ्यातून घालायच्या. मोठ्यांसाठी हे कष्टाचं काम आहे, पण भाषेच्या दृष्टीने पाहिलं तर एकच वस्तू पाच दिवस रोज बदलत मुलाच्या समोर असते. असा धडा मुद्दाम बसवायचा म्हटला तरी जमणार नाही.

कागदावर लिहायचं ते इतकंच : पाणी बदलताना रोज गव्हाचा एक दाणा मुलाच्या बोटांत द्या. पहिल्या दिवशी तो टणक असतो, दाबला जात नाही. दुसऱ्या दिवशी फुगलेला, मऊसर. तिसऱ्या दिवशी चिमटीत दाबला की पांढरं दूध बाहेर येतं आणि वासही आंबूस यायला लागतो. रोज दोनच प्रश्न : ‘काल कसा होता?’ आणि ‘उद्या काय होईल?’ यात भूतकाळ आला, भविष्यकाळ आला, तुलना आली, अंदाज आला. मूल म्हणालं, ‘गहू फुगला’, तर त्याचंच वाक्य थोडं वाढवून परत द्यायचं : ‘हो, पाणी पिऊन गहू फुगला. काल टणक होता.’ मुलाच्या वाक्यात दोन-तीन शब्दांची भर पुरे. लांबलचक माहिती सांगितली की ते उठून जातं.

आणि प्रश्न विचारल्यावर थांबायचं. मनात पाच आकडे मोजायचे. बहुतेक मोठी माणसं एका आकड्यानंतर स्वतःच उत्तर देऊन टाकतात. तीन वर्षांच्या मुलाला प्रश्न समजून, शब्द शोधून, जुळवून बोलायला तेवढा वेळ लागतोच. कागदावर एकच सूचना छापायची जागा असेल, तर ही छापा.

पाचव्या दिवशी चीक शिजवताना मुलाला चुलीपासून हातभर नाही, चांगलं चार हात लांब बसवा. जितका चीक तितकं पाणी घेऊन तो आधणात ओतला की फुटून उडतो, आणि अंगावर चिकटला की निघत नाही. मुलाचं काम नंतरचं : वाटीत गार केलेला चीक दूध-साखर घालून खाणं आणि वाळत घातलेल्या कुरडयांवर लक्ष ठेवणं. संध्याकाळी बाबा किंवा आजोबा घरी आले की मुलाने त्यांना सगळं सांगायचं. ही सांगण्याची पायरी बहुतेक कागदांमध्ये नसतेच. गहू समोर असताना मूल ‘हे’, ‘असं’, ‘तिकडे’ म्हणून भागवून नेतं. न पाहिलेल्या माणसाला सांगताना मात्र त्याला गहू, चीक, सोऱ्या, पाटी ही नावं घ्यावी लागतात आणि आधी काय, मग काय, शेवटी काय ते लावावं लागतं. पुढे गोष्ट वाचून समजायला हीच सवय उपयोगी पडते. मूल अडखळलं म्हणून ऐकणाऱ्याने शब्द पुरवू नयेत, ‘मग?’ म्हणावं आणि गप्प बसावं.

पोळ्याचं चित्र पाठवण्याऐवजी दोन मुठी माती पाठवा, म्हणजे मातीचा बैल करायला सांगा. काळी माती वाळताना आक्रसते आणि तडकते, म्हणून ती आदल्या रात्री भिजवून, खडे काढून, त्यात चिमूटभर बारीक वाळू मळून घ्यावी आणि बैल सावलीत वाळवावा. पायांत काड्या घातल्या नाहीत तर बैल बसकण मारतो, आणि पाय बारीक केले तरी तेच. बैल बसला तर बसू द्या, ‘का बसला?’ यावरची चर्चा उभ्या बैलापेक्षा जास्त कामाची. वशिंड, शिंगं, खूर, वेसण, कासरा, झूल, गोंडे, बेगड हे शब्द घरातल्या माणसाच्या तोंडून, खऱ्या बैलाकडे बोट दाखवून यावेत. शेती नसलेल्या घरात वशिंड कुठे असतं हे आईलाही माहीत नसेल, तर कागदावर एक साधं रेखाचित्र आणि नावं द्या. ते रंगवायला नव्हे, पालकासाठी. विदर्भात दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो, लाकडी नंदी घेऊन मुलं घरोघर जातात. तिथल्या बालविकास प्रकल्पांना वेगळी कृती सुचवायची गरजच नाही. फक्त प्रत्येक घरच्या माणसाने मुलाला त्याच्या बैलाचं नाव आणि तो काय काम करतो ते विचारावं, आणि मगच हातावर खाऊ ठेवावा, एवढं गावात सांगितलं तरी पुरे.

आश्विनात भोंडला, हादगा आणि खानदेश-विदर्भात भुलाबाई. गाण्यांबद्दल सगळेच बोलतात आणि ते बरोबरही आहे. कडव्यागणिक एकेक गोष्ट वाढत जाणारी गाणी मुलाची स्मरणसाखळी ताणतात. पण आमच्या मते या सगळ्यातला सोन्याचा तुकडा म्हणजे शेवटची खिरापत. झाकलेला डबा, आत काय आहे हे फक्त घरच्या बाईला माहीत, आणि बाकीच्यांनी ओळखायचं. भाषेचा इतका नेमका खेळ आपल्याकडे तयार असताना आपण शब्दपट्ट्या छापतो.

खेळ बिघडतो तो एकाच ठिकाणी : मुलं डबा दिसताच ‘लाडू! चिवडा! करंजी!’ असा मारा करतात आणि ज्याचा आवाज मोठा तो जिंकतो. म्हणून नियम करायचा की नाव घेण्याआधी दोन प्रश्न विचारलेच पाहिजेत. गोड की तिखट? तळलेलं की भाजलेलं? हाताला चिकटतं का? चावताना आवाज येतो का? वाटून केलंय की किसून? पाच वर्षांचं मूल स्वतः प्रश्न तयार करू शकतं. चार वर्षांच्याला डबा हलवून ऐकू द्या, झाकण किलकिलं करून वास घेऊ द्या. तीन वर्षांच्याला दोनच पर्याय द्या, ‘पेढा की शेव?’ ‘तळलेलं नाही’ असं उत्तर आलं की करंजी, शंकरपाळी, चकली ही सगळी नावं डोक्यातून बाजूला ठेवायची असतात. ‘नाही’ हे उत्तर लक्षात ठेवून पुढचा प्रश्न विचारणं लहान मुलाला जड जातं, आणि सरावाने येतं. भोंडला मुलींचा म्हणून मुलगे कडेला बसतात. अंगणवाडीत तरी त्यांना फेरात घ्या. आणि आश्विनाचीच वाट कशाला बघायची? दर शुक्रवारी आहाराच्या भांड्यावर झाकण ठेवून हा खेळ दहा मिनिटांत होतो.

किल्ल्याबद्दल थोडक्यात. अळीव किंवा मोहरी दिवाळीच्या पाच-सहा दिवस आधी पेरली तर वसुबारसेपर्यंत हिरवं दिसतं. दिवाळीच्या सुट्टीत पोचलेला कागद इथेही उशिराच. किल्ल्यावर शब्द मुख्यतः जागेचे मिळतात : वर, खाली, मधून, पलीकडे, बुरुजामागे, दारासमोर. शिवाय मराठीत वस्तू बदलली की सगळं वाक्य हलतं : मोठा बुरूज, मोठी माची, मोठं दार, किल्ला केला, माती कालवली, दार लावलं. मूल ‘मी माती कालवलो’ म्हणालं तर चूक म्हणून थांबवू नये. ‘वा, तू माती कालवलीस!’ एवढं म्हणून पुढे जावं. ते ऐकतं आणि केव्हातरी बदलतं. ‘असं नाही, असं म्हण’ हे दोनदा ऐकलेलं मूल तिसऱ्यांदा बोलायचंच टाळतं. हाच नियम बोलीलाही. घरात ‘पानी’ म्हणत असतील तर पालकाने ‘पानी’च म्हणावं. कागदावरची भाषा घरात येऊन आईला गप्प करणार असेल, तर तो कागद न आलेला बरा.

टाळ्यांच्या खेळातही एक नेहमीची गफलत होते. शब्दाचे तुकडे करून टाळ्या वाजवायला सांगतात आणि शिकवणारी व्यक्ती लिहिलेली अक्षरं मोजते. ‘तिळगूळ’ला चार टाळ्या, ‘पणती’ला तीन. मुलाच्या कानाला मात्र तिळ-गूळ, पण-ती असे दोन-दोनच तुकडे ऐकू येतात. मूल दोन वाजवतं, बाई म्हणतात चुकलं. पाच वर्षांपर्यंत कानाला येईल तेच बरोबर धरा. अक्षरओळख सुरू झाली की लिहिलेल्या तुकड्यांशी ते आपोआप जुळवता येतं.

संक्रांतीच्या कृतीत सुरक्षेची ओळ ठळक हवी. बोरन्हाणात बोरं, हरभरे, चुरमुरे, उसाचे करवे मुलाच्या डोक्यावरून ओततात आणि खालची चिल्लीपिल्ली ते गोळा करून तोंडात टाकतात. आख्खे शेंगदाणे, हरभरे, हलव्याचे दाणे आणि बिया असलेली बोरं लहानांच्या घशात अडकू शकतात. तीन-चार वर्षांच्या मुलाला शेंगदाण्याचं कूट द्यावं, बोराची बी काढून द्यावी, आणि तोंडात घास असताना त्याला बोलतं करू नये, हसवूही नये. भाषेच्या उत्साहात हे विसरलं जातं. गुळाच्या पाकापासून मूल लांब. तीळ निवडणं आणि भाजताना तडतड ऐकणं हे त्याचं काम.

आता ज्यांच्यासाठी हे सगळं वेळापत्रकच लागू पडत नाही, त्यांच्याविषयी. बीड, पाथर्डी, जत या भागांतून दसऱ्यानंतर ऊसतोडीला गेलेली कुटुंबं उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. किल्ला, बोरन्हाण, हुरडा यांतलं काहीही त्यांच्या वाट्याला गावात येत नाही. पण उसाच्या फडातही हंगाम आहे आणि शब्द आहेत : वाढे (उसाचे हिरवे शेंडे), पाचट, मोळी, कांडं, कोपी (तात्पुरती झोपडी), टायरगाडी. तिथे दिवसभर आई-बाप सापडत नाहीत. संध्याकाळी चूल पेटते तेव्हाची पंधरा मिनिटं आणि लहानग्याला सांभाळणारं मोठं भावंड, एवढंच हाताशी असतं. (ते मोठं भावंड शाळेत असायला हवं, हा वेगळा आणि याहून मोठा विषय.) या कुटुंबांसाठी कागद निघताना, दसऱ्याआधी हातात द्यावा, त्यात वस्तू आणायची एकही कृती नसावी. आज किती मोळ्या झाल्या, गाडी कुठून कुठे गेली, वाटेत काय दिसलं, याचं रात्री आडवं पडल्यावर सांगणं, आणि दोन-चार कोडी. आठ ओळी पुरतात. कारखान्याच्या परिसरात अंगणवाडी सुरू असेल, तर तिथल्या सेविकेकडे मूल आधी कोणत्या गावच्या अंगणवाडीत होतं आणि घरी काय बोलतात, एवढं तरी पोचावं.

तसंच सातपुड्यात. नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा तालुक्यात काठी या गावी होणाऱ्या राजवाडी होळीसाठी आसपासच्या पाड्यांवर कितीतरी दिवस आधीपासून तयारी चालते, आणि तिथल्या मुलाकडे पुण्याच्या नियोजनातला पतंग पोचतो. भिली, कोरकू, गोंडी, वारली बोलणाऱ्या घरांमध्ये काय, केव्हा आणि कोणत्या शब्दांत करायचं हे सेविका आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसांनी ठरवावं. राज्याने फक्त रिकामा नमुना द्यावा. त्या भाषांचे शब्द देवनागरीत लिहून ठेवलेली वही अंगणवाडीत असली की नव्याने रुजू झालेल्या सेविकेलाही ती उपयोगी पडते.

नमुना कसा असावा तेही सांगतो. वर्षाला बारा कागद नकोत. सहा पुरेत, ऋतूला एक. एका बाजूला छापलेला, अक्षर मोठं, कारण तो कपाटात न जाता स्वयंपाकघरात खिळ्याला अडकवायचा आहे. वरच्या भागात घरात सध्या चालू असलेलं एकच काम, आणि ते कोणतं हे लिहायला जागा मोकळी. ती सेविकेने पालकसभेत विचारून भरावी. मग मुलाने त्यात करायचं एक खरं काम : निवडणं, मोजून देणं, पाणी घालणं, राखण. मग दोनच प्रश्न, ज्यांचं उत्तर ‘हो’ किंवा ‘लाल’ असं एका शब्दात संपत नाही. मग संध्याकाळी कोणाला सांगायचं. तळाशी धोक्याची एक ओळ. शब्दांची यादी द्यायची झाली तर क्रियापदं द्या. नावं मुलाला तशीही मिळतात. निवडणं, पाखडणं, चाळणं, निथळणं, मळणं, वळणं, लिंपणं हे फरक मात्र कोणी हाताने करून दाखवल्याशिवाय कळत नाहीत. ज्या पालकांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी हाच मजकूर दीड मिनिटात बोलून ध्वनिमुद्रित करावा, तोही तालुक्यातल्याच कोणाच्या तरी आवाजात.

एकच कृती तीन-चार दिवस सलग चालू द्या. रोज नवी कृती पाठवली की पालक दमतात आणि मुलाचे शब्द पक्के होत नाहीत. पहिल्या दिवशी ऐकलेला शब्द ते तिसऱ्या-चौथ्या दिवशी वापरून बघतं.

खर्चाचं म्हणाल तर वर्षाला कुटुंबामागे सहा पानं. वेळेचं मात्र आत्ताच बघावं लागेल. वाळवणाचा कागद पालकांच्या हातात होळीपर्यंत पडायला हवा. त्याआधी एक पालकसभा हवी आणि त्याआधी मुख्यसेविकांची एक बैठक, म्हणजे नमुना जानेवारीअखेर तालुक्याला पोचला पाहिजे. पहिल्या वर्षी प्रत्येक विभागात दोन प्रकल्प निवडावेत, त्यातला एक स्थलांतराचा किंवा आदिवासी पट्ट्यातला असावा, आणि त्या प्रकल्पांना त्या काळात फोटो पाठवण्यातून सूट मिळाल्याचं लेखी पत्र द्यावं. तोंडी सूट दिली तर पुढच्या आठवड्यात कोणीतरी फोटो मागतोच.

आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत,
बालशिक्षणात आणि पालकांसोबत काम करणाऱ्या आम्ही काही जणी आणि काही जण